आमची वाटचाल: पंपांच्या दुरुस्तीपासून चेनसॉच्या पावसाळी ठेवीपर्यंत

दापोलीतलं आमचं वर्कशॉप वडिलांनी सुरू केलं ते डिझेल इंजिनं आणि शेतीपंप दुरुस्त करायला. पुढे बागायतदारांकडे ग्रासकटर आले, मग फवारणीचे पंप आले आणि त्यांच्या मागोमाग चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची साखळीची करवत. कोयता-कुऱ्हाडीवर चालणारं काम मशीनवर गेलं आणि आमच्या दारात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांची रांग लागायला लागली. वडील डिझेलचे माणूस, पण डायफ्रामचा (पातळ लवचीक पडद्यावर चालणारा) कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, त्यांनी आमच्याही आधी समजून घेतला.

सुरुवातीची काही वर्षं एक गोष्ट सतत दिसायची. मशिनी येत त्या मुख्यतः दसऱ्यानंतर. मालक सांगायचे, "मे महिन्यात चांगली चालत होती हो, आता दोरी ओढून हात दुखले." उघडून बघावं तर टाकीत पावसाळ्याआधीचं पेट्रोल, कार्बोरेटरमध्ये चिकट थर, डायफ्राम ताठरलेला, सुई अडकलेली. चेन गंजून गाईड बारच्या, म्हणजे ती ज्या पट्टीवर फिरते तिच्या, खाचेत धरलेली. सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. कामाने झिजलेल्या मशिनींपेक्षा पडून बिघडलेल्या मशिनी आमच्याकडे जास्त यायच्या. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून हे आणखी वाढलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाण्याला काय तोटा! पाणी पुरेसं साचलं की ते इथेनॉलसकट तळाला बसतं, आणि टाकीतला नळीचा फिल्टरही तळालाच असतो.

त्यातून 'पावसाळी ठेव' सुरू झाली. मे अखेरीला मशीन आमच्याकडे आणून द्यायचं आणि पावसाळा संपला की चालू स्थितीत न्यायचं.

मशीन आलं की टाकी रिकामी करतो आणि आयडलवर चालवून ते आपोआप बंद पडू देतो, म्हणजे कार्बोरेटरमध्ये थेंब उरत नाही. मग स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाच्या) ऑइलचे काही थेंब सोडतो, दोरी सावकाश ओढून ते सगळीकडे पसरवतो आणि प्लग परत लावतो. साइड कव्हर काढलं की भुसा आणि चेन ऑइलचा घट्ट लगदा निघतो. सिलिंडरच्या पात्यांमध्येही तो बसलेला असतो. तिथे हवा खेळली नाही की पिस्टन जळायला वेळ लागत नाही, म्हणून या भागावर आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. एअर फिल्टर कोमट साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवतो. बाहेरून कॉम्प्रेसरची हवा मारली तर बारीक धूळ जाळीतून आत घुसते, म्हणून तसं करत नाही. बारची खाच तारेने उकरायची, तेलाचं भोक मोकळं करायचं, कडेला आलेली धार कानशीने घासायची आणि बार उलटा करून लावायचा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतात. चेन धुवून, वाळवून तेलात बुडवून ठेवतो.

मशीन प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नये. आत घाम धरतो आणि गंज झपाट्याने चढतो. सायलेन्सरच्या तोंडाला कापडाचा बोळा लावावा, बाकी हवा लागू द्यावी.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आमच्या या पद्धतीची परीक्षा झाली. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ते किनाऱ्यावर चढलं, पण आमच्या दापोलीतल्या आंजर्ले, केळशी, मुरुडच्या वाड्याही आडव्या झाल्या. नारळ, सुपारी, आंबा, काजू, सगळं रस्त्यावर. वीज गेलेली, त्यात लॉकडाऊन, सुटे भाग मिळणं मुश्कील. ठेवीतल्या मशिनी मात्र कपाटात तयार होत्या. ताजं मिश्रण घातलं, चेन चढवली आणि त्या वाड्यांवर गेल्या. बंद पडलेल्या जुन्या मशिनींचे भाग काढून आम्ही इतर मशिनी चालू केल्या. त्या दिवसांत सगळ्यात जास्त लागली ती कानस. पडलेल्या झाडाची साल वाळू-मातीने भरलेली असते, आणि चेन एकदा मातीला टेकली की धार गेलीच.

त्यानंतर ठेवीत एक बदल केला. मशीन नुसतं साठवायचं नाही, वादळाची सूचना आली की लगेच उचलता येईल असं ठेवायचं. प्रत्येक मशीनसोबत धार लावलेली दुसरी चेन, प्लगचा पाना आणि त्याच्याच मापाची कानस असते. ०.३२५ इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या) चेनला ४.८ मिलिमीटरची कानस, ३० अंशांचा कोन, सगळे दाते एकाच लांबीचे. खोली ठरवणारा टेकू दात्यापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली. टेकू जास्त घासला तर मशीन लाकडात धसके मारतं, आणि ते हातासाठी धोक्याचं आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा या तयारीचा उपयोग झाला.

आज वर्कशॉपमध्ये आम्ही चौघं आहोत. हिशेब आणि ठेवीची वही वहिनी बघतात, आणि कोणाच्या मशीनला काय झालं होतं हे त्यांना वही न उघडता आठवतं. चेनसाठी जळकं इंजिन ऑइल वापरणाऱ्यांना त्या अजूनही स्पष्ट सुनावतात. त्यातला धातूचा कीस ऑइल पंपाला खातो आणि ते जळकं ऑइल बागेच्या मातीत उतरतं. मिश्रणाचं प्रमाणही त्या मशीनवर चिठ्ठी चिकटवून देतात: ५०:१ सांगितलेल्या मशीनला चांगलं टू-टी ऑइल लिटरला २० मिली.

यंदापासून बॅटरीवरच्या चेनसॉही ठेवीत घेतो. बॅटरी मशीनमधून काढून, अर्धी चार्ज करून कोरड्या जागी ठेवावी लागते, त्यासाठी वेगळं कपाट केलं आहे. मशीन आणताना चेन आणि बार काढून आणू नका. चेन, बार आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) यांची झीज एकत्र पाहिल्याशिवाय नवी चेन घालावी की नाही हे आम्हाला सांगता येत नाही.