पुढं रस्ता नाही

सायकलवाल्यांमध्ये एक जमात असते, त्यांना लूप लागतो. म्हणजे गेलो त्याच रस्त्याने परत यायचं नाही, मोबाईलच्या नकाशावर छान बंद आकार उमटला पाहिजे, नाहीतर राइड झाल्यासारखीच वाटत नाही त्यांना. माझं बरोबर उलटं आहे. मला असे रस्ते आवडतात जे शेवटच्या वाडीत जाऊन कुणाच्या तरी गोठ्यापाशी संपतात आणि मग तुम्ही गुपचूप सायकल वळवून आलात तसे परत जाता. कारण साधं आहे, जो रस्ता कुठे पोचवत नाही त्या रस्त्यावर ट्रक नसतात.

असे रस्ते पुण्याच्या दक्षिणेला भोर-वेल्ह्याकडे भरपूर आहेत (वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणायचं, पण तोंडात वेल्हेच बसलंय). सह्याद्रीची मुख्य धार तिकडे उभी उत्तर-दक्षिण जाते आणि तिच्यापासून पूर्वेकडे डोंगरांच्या रांगा फुटतात, पंजा पसरून टेबलावर ठेवावा तशा, आणि बोटांच्या दर बेचक्यात एक नदी. कानंदी, गुंजवणी, वेळवंडी, नीरा. नंतर खाली जाऊन सगळ्या नीरेतच मिळतात पण वरती प्रत्येकीचं खोरं स्वतंत्र. शाळेत बारा मावळ पाठ केलेले, गुंजण मावळ, हिरडस मावळ, वेळवंड खोरं, रोहिड खोरं, प्रत्येकाचा देशमुख वेगळा, आणि तेव्हा वाटायचं एवढ्याशा भागाला इतके देशमुख कशाला? सायकलवर गेलं की कळतं, एका खोऱ्यात शिरलात की शेजारचं खोरं दिसतच नाही, मधे अख्खा डोंगर उभा. गाडीतून हे कळत नाही कारण गाडीत आपण एसी आणि गाणी यातच असतो.

आणि पश्चिमेच्या टोकाला तर सरळ कडाच, खाली कोकण. उत्तरेला ताम्हिणी आणि दक्षिणेला वरंधा हे दोन घाट सोडले तर मधल्या खोऱ्यांमधून वर्दळीचा रस्ता काही खाली उतरत नाही. जुन्या पायवाटा आहेत, केळदजवळचा मढे घाट आहे, तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून उमरठला नेला तो याच वाटेने असं तिकडे सांगतात. पण पायवाटेवर ट्रक जात नाहीत, ट्रक नाहीत म्हणून शांतता. एवढंच गणित आहे, बाकी लोक ध्यानधारणा वगैरे काहीही म्हणोत.

अर्थात तिथपर्यंत पोचायला आधी हायवे भोगावा लागतो. पहाटे जुन्या कात्रज घाटातून गेलं तर घाट सुंदर आहे पण पलीकडे शिंदेवाडीपासून चेलाडी फाट्यापर्यंत कानाशेजारून कंटेनर जातात आणि प्रत्येक कंटेनरबरोबर हवेचा एक धक्का बसतो, आधी बाहेर ढकलतो मग आत ओढतो. चेलाडीला उजवीकडे वळलं आणि नसरापूर आलं की आवाज एकदम कुणीतरी बंद केल्यासारखा कमी होतो. बनेश्वरचं देऊळ तिथेच, नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये बांधलेलं, भोवती दाट झाडी. मी तिथे थांबून पहिला चहा घेते. हायवे टाळायचा तर सिंहगडाच्या पायथ्याने खानापूरवरून पाबे घाट चढूनही वेल्ह्याला जाता येतं, वर खिंडीत पोचलात की समोर तोरणा आणि राजगड एकदम दिसतात, पण तो चढ चांगलाच दमवतो.

नसरापूर ते वेल्हे साधारण 30 किलोमीटर. नकाशात बघितलं तर सपाट वाटतो आणि डोळ्यालाही सपाटच दिसतो, पण नदीच्या उलट्या दिशेने चाललोय म्हणजे चढच असणार ना. एक टक्का, दीड टक्का, असला चढ. डोळ्याला नाही कळत पण पायाला कळतो. आज काय झालंय, ब्रेक घासतोय का, चाकात हवा कमी आहे का, झोप झाली नाही का, असले सगळे संशय घेत घेत आपण मार्गासनीपर्यंत येतो. परत येताना मात्र तोच रस्ता फुकटात पळतो आणि उन्हाळ्यात दुपारनंतर कोकणाकडून वारा सुटतो तो तर पाठीवर, मग स्वतःला फार भारी समजायला होतं. लूपवाल्यांना हे सुख नाही.

शिवाय तोच रस्ता परतताना तोच नसतो हे त्यांना पटत नाही. मार्गासनीच्या पुढे राजगड डावीकडे येतो आणि मग तास-दीड तास हलतच नाही, फक्त हळूहळू अंग वळवत राहतो. आधी सुवेळा माची, मग मधला बालेकिल्ला वर निघालेला, वेल्ह्याकडे सरकलं की संजीवनी माची लांब पसरलेली दिसायला लागते. समोर तोरणा, 1403 मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, तो मात्र सकाळी बऱ्याचदा ढगात डोकं घालून बसलेला असतो. परतताना उन्हं पश्चिमेकडून येतात आणि सकाळी नुसत्या काळ्या दिसलेल्या कड्यांवर आता एकेक थर मोजता येतो.

रस्त्यावर काय काय लागतं याला मोसम आहे. एप्रिल-मे मध्ये राब भाजतात, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, फांद्या पसरून जाळतात, सगळ्या खोऱ्याला धुराचा वास आणि डोंगराच्या कडेला करवंदं पिकलेली. जुलैमध्ये चिखलात लावणी चालू, बायका डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन वाकलेल्या, मान वर करून एकदा बघतात आणि आपापसात काहीतरी बोलून हसतात (माझ्यावरच हसत असणार, हेल्मेट आणि ती काळी चड्डी बघून कोणीही हसेल). नोव्हेंबरात कापलेल्या भाताचे भारे, अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेला, मग आपण उरलेल्या अर्ध्यातून जायचं, तक्रार करायची नाही कारण रस्ता आधी त्यांचा आहे. शनिवार-रविवार पावसाळ्यात मात्र चुकूनही जाऊ नये. तेव्हा धबधबेवाल्यांच्या गाड्या, छतातून बाहेर आलेली डोकी आणि स्पीकर. मंगळवार-बुधवार उत्तम, रजा टाकावी लागते पण टाकावी.

वेळवंडीच्या खोऱ्यात आणखी वेगळं. भोरजवळ भाटघरचं धरण, 1928 चं, तेव्हाचं नाव लॉईड डॅम, आता येसाजी कंक जलाशय. रस्ता त्या पाण्याच्या कडेकडेने आत जातो, खाली उतरतो, मोरी, परत वर, वळण, परत खाली, सरळ असा नाहीच. पाण्याच्या प्रत्येक फाट्याला वळसा घालावा लागतो, पलीकडचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं आणि सायकलने जायला अर्धा तास. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की कांबरे गावाचं कांबरेश्वराचं देऊळ पाण्यातून वर येतं, आख्खं दगडी, आणि पाऊस सुरू झाला की परत पाण्यात. तेवढ्या दिवसांत लोक येऊन दर्शन घेऊन जातात. या शांततेबद्दल मी इतकी कौतुकाने लिहितेय खरी, पण खालची सपाट जमीन पाण्यात गेली, पोरं पुण्या-मुंबईला गेली, एसटी ठरावीक वेळेलाच येते, म्हणून रस्ता मला मोकळा मिळतो. हे तिथल्या एका आजींनीच मला ऐकवलं, म्हणजे त्या ऐकवत नव्हत्या, साधं विचारत होत्या.

"एकलीच आलीस व्हय गं? आन् पुढं कुठं?"

"कुठं नाही आजी, जिथपर्यंत रस्ता आहे तिथपर्यंत."

"पुढं रस्ता न्हाई बरं का. वाडी हाय, मग डोंगूर."

"माहितीय, म्हणूनच आले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सायकलकडे, मग परत माझ्याकडे. "आमाला रस्ता पायजे म्हून मतं देऊन दमलो, आन् तू न्हाई म्हून येतीस." मग आत जाऊन तांब्याभर ताक घेऊन आल्या आणि पैसे काढायला गेले तर रागावल्या.

एकटी बाई सायकलवर म्हटलं की शहरातल्या मैत्रिणींचा पहिला प्रश्न भीती नाही वाटत का. हायवेवर वाटते. खोऱ्यात नाही, कारण तिथे पहिल्या गावात तुम्हाला बघितलं की दुसऱ्या गावाला तुम्ही पोचायच्या आत माहिती असतं. पंक्चर मात्र स्वतः काढता आलं पाहिजे, दोन ट्यूब, टायर उचकटायचं लेव्हर, पंप बरोबर हवाच, आणि कुत्र्यांसाठी उतरून चालायची तयारी. सायकल थांबली की त्यांचा रस संपतो.

आता एक गंमत बघा. हा राजगड या दोन खोऱ्यांच्या मधेच उभा आहे, एका बाजूला गुंजवणी, दुसऱ्या बाजूला वेळवंडी. अळू दरवाजातून उतरलं की माणूस भुतोंड्याला, येसाजी कंकांच्या गावाला, पोचतो. आणि राजगड-तोरणा ट्रेक करणारे मधे खिंडीत एक डांबरी रस्ता ओलांडतात, तो दोन्ही खोऱ्यांना जोडतो. म्हणजे वेल्ह्याकडून चढायचं, भुतोंड्याकडे उतरायचं, मग भाटघरच्या पाण्याकडेने भोर आणि तिथून घरी. हो, मला कळतंय, हा लूपच झाला. मार्चमध्ये ऊन तापायच्या आत एखाद्या बुधवारी जायचा विचार आहे. हल्ली कुणी त्या खिंडीतून सायकल नेली असेल तर चढ बसून चढता येतो की ढकलावी लागते ते सांगा, आणि उतारावर खडी सुटलीय का तेही, माझे टायर 28 मिलिमीटरचे, म्हणजे बारीकच आहेत.