पेशींची बँक उभी करताना

एमएस्सी झाल्यावर मी लस बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. पहिलं मोठं काम मिळालं ते एमआरसी-५ नावाच्या माणसाच्या पेशींची वर्किंग बँक, म्हणजे लसीचा विषाणू ज्यांच्यावर वाढवायचा त्या पेशींचा गोठवलेला साठा, तयार करण्याचं. या पेशी १९६६ मध्ये लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये १४ आठवड्यांच्या, गर्भपात झालेल्या गर्भाच्या फुप्फुसातून घेतलेल्या. कुण्या एका बाईच्या आयुष्यातल्या अवघड दिवसाशी हे काम जोडलेलं आहे, याची जाणीव मला पहिल्या दिवसापासून होती.

"भराभर वाढणाऱ्या अमर पेशी का नाही वापरत?" मी आमच्या प्रमुख मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, यांची गुणसूत्रं ४६ आणि नीट जागच्या जागी असतात. आणि या मरतात, कॅन्सरच्या पेशींसारख्या वाढत सुटत नाहीत, हीच यांची खात्री." हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवलं होतं की माणसाच्या साध्या पेशी साधारण ५० वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. म्हणून आमच्याकडे प्रत्येक दुपटीची नोंद. लसीसाठी पेशी वापरायच्या त्याही त्यांच्या आयुष्याच्या दोन तृतीयांशाच्या आतच.

द्रव नायट्रोजनमधली, उणे १९६ अंशांची ॲम्प्युल (पेशींची छोटी बंद कुपी) ३७ अंशांच्या पाण्यात धरली की मिनिट-दीड मिनिटात वितळते. तेवढ्यात हात चालला पाहिजे, कारण गोठवताना बर्फापासून बचावासाठी घातलेलं डीएमएसओ हे रसायन उबेत पेशींना सोसत नाही. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर तळाला चिकटलेल्या लांबट पेशी, वाऱ्याने एकाच बाजूला कललेल्या जोंधळ्यासारख्या. फ्लास्क भरला की ट्रिप्सिन या एन्झाइमने पेशी तळापासून सोडवायच्या आणि एकाचे दोन करायचे. ट्रिप्सिन अर्धा मिनिट जास्त राहिलं तरी पेशी दुखावतात. हे हाताला कळायला मला दोन महिने लागले.

२०० ॲम्प्युल गोठवून झाल्या. मग क्यूसीची, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागाची, मायकोप्लाझ्मा चाचणी, २८ दिवसांची. मायकोप्लाझ्मा हे अगदी बारीक जिवाणू. इतर जिवाणू शिरले तर मीडियम, म्हणजे पेशींचं पोषकद्रव, सहसा गढूळ होतं. मायकोप्लाझ्मा शिरला तर पेशी सुरेख दिसतात, मीडियम स्वच्छ राहतं. चोविसाव्या दिवशी फोन आला. चाचणीच्या आगरवर तळलेल्या अंड्यासारख्या दिसणाऱ्या मायकोप्लाझ्माच्या वसाहती उगवल्या होत्या. सगळी बँक ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेने निर्जंतुक करून नष्ट करायला गेली. मी स्टोअरच्या मागे जाऊन रडले. संशय पेशी वाढवायला मीडियममध्ये घालतात त्या सिरमच्या (रक्तद्रवाच्या) एका लॉटवर होता, पण नक्की कारण सापडलं नाही, आणि मला तेच जास्त बोचलं. मॅडमनी डेव्हिएशनचा, म्हणजे काय चुकलं त्याचा, अहवाल माझ्याकडूनच लिहून घेतला, ओळ न ओळ.

दुसऱ्या खेपेला मी मीडियममधून अँटिबायोटिक काढून टाकलं. त्याच्या आड संसर्ग दडून राहतो. प्रत्येक सिरम लॉट आधी तपासला, बोलताना मास्क एकदाही खाली केला नाही, कारण काही मायकोप्लाझ्मा माणसाच्या तोंडातच राहतात. २८ दिवस पार पडले. गुणसूत्रं मोजून आली, विषाणूंच्या चाचण्याही निर्दोष आल्या.

रुबेलाच्या लसीचा विषाणू अशाच माणसाच्या पेशींवर वाढवतात. गरोदरपणी तो आजार झाला तर बाळ बहिरं, आंधळं, हृदयाच्या दोषासह जन्मू शकतं. बँक मंजूर झाल्याचा कागद आला, तेव्हा मी रजिस्टरमध्ये दुपटींचा आकडा पुन्हा एकदा ताडून पाहिला, सही केली आणि नायट्रोजनच्या टाकीचं झाकण लावलं.