कढीपत्त्याची कुंडी आणि एक मिलिमीटर

आमच्या सोसायटीत कोणी निवृत्त झालं की काही महिन्यांत माझ्याकडे चौकशी येते. "कॅमेरा घ्यायचा म्हणतोय, कुठला घेऊ?" पुढच्याच वाक्यात ताडोबाचा वाघ असतो, आणि त्या वाघासाठी लागणारी हातभर लांब लेन्स असते. मी त्यांना आधी विचारतो, गॅलरीत कढीपत्ता आहे का? लिंबू असेल तरी चालेल.

मी अगदी मनापासून विचारतो. उतारवयात फोटोग्राफीला लागायचं असेल तर मॅक्रोसारखी, म्हणजे इवल्याशा गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढण्यासारखी, दुसरी गोष्ट नाही, असं माझं पक्कं मत आहे. भिगवणला मीही जातो. उजनीच्या पाण्यावर उतरलेले पट्टकादंब हंस बघायला दर हिवाळ्यात जीव ओढतो. पण त्यासाठी पहाटे गाडी काढावी लागते, होडीत चढउतार करावी लागते, शिवाय खांद्यावर दोन-अडीच किलोचं ओझं. ते वर्षातून एखाद्या वेळी ठीक. छंद मात्र रोज सकाळी चहा झाल्यावर करता यावा. माझा छंद गच्चीतल्या आठ-दहा कुंड्यांत मावतो.

चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि अवजारं घडवायच्या विभागात, माझी नोकरी झाली. डाय, मोल्ड, जिग, फिक्स्चर. मायक्रोमीटर हातात धरून मिलिमीटरचा शंभरावा भाग बघायची डोळ्यांना सवय. निवृत्तीनंतर ती नजर वाया जाणार असं वाटत होतं. मॅक्रो लेन्समधून पहिल्यांदा बघितलं आणि माझी जागा सापडली. वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या मापाइतकी उमटवायची झाली, तर लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक केलं तरी जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. अळीचा डोळा साधला तर पाय धूसर, पाय साधले तर डोळा गेला. कुठला मिलिमीटर राखायचा ते आपण ठरवायचं. मला यात जो आनंद मिळतो तो नीट बसलेल्या जॉबचाच आनंद आहे.

लहानपणी आमच्या मामांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलवर बारा फोटो. मुंज, लग्न, बारसं असलं तरच तो ट्रंकेतून बाहेर यायचा, आणि आम्हा पोरांना हात लावायची परवानगी नव्हती. त्या बारांतला एक फोटो अळीवर खर्च करावा हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. आज मी एकाच पानासमोर तास तास बसतो आणि हवे तितके फोटो काढतो. हे सुख मला साठी उलटल्यावर मिळालं. ज्यांनी रोल मोजून वापरले त्यांनाच ते कळेल.

आता कढीपत्त्याकडे येतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर काळ्या रंगाचं एक मोठं फुलपाखरू कुंडीभोवती घिरट्या घालतं. ते कॉमन मॉरमॉन, मराठीत बहुरूपी. मादी कोवळ्या पानावर एकेकटं अंडं घालते, मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान, फिकट पिवळं, गोल. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. सुरुवातीला ती थेट चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. पक्षी तिच्याकडे बघतही नाहीत. शेवटची कात टाकली की तीच अळी हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. माझी नात एकदा काडीने पान हलवत होती, ती ओरडली, "आबा, हिला शिंगं आली!" डिवचलं की अळी डोक्यामागून लालसर दुभंगलेला अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तो क्षण मला टिपता आला तो नातीमुळेच. मी त्या वेळी डोळा साधण्यात गुंतलो होतो.

हिचं म्हणणं असं की कढीपत्ता फोडणीसाठी लावला होता. त्यावर तोडगा म्हणून आता दोन कुंड्या आहेत, एक स्वयंपाकाची आणि एक अळ्यांची. अळ्यांच्या कुंडीवर कुठलंही औषध मारायचं नाही हा घरचा नियम आहे, आणि तो तीच सगळ्यात कडकपणे पाळते.

साधनांबद्दल थोडक्यात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर व्ह्यूफाइंडरमध्ये (कॅमेऱ्याला डोळा लावायच्या खिडकीत) सगळं धूसर दिसू लागलं, तर घाबरू नका. त्याच्या शेजारी एक छोटी चकती असते, ती फिरवून आपल्या नव्या नंबराला जुळवून घ्या. (निळे रंग मात्र ऑपरेशननंतर असे काही उजळले की मी कितीतरी वेळ गोकर्णाचं फूलच बघत बसलो. डोळ्यातलं मूळ भिंग वयानुसार पिवळट होतं आणि निळा प्रकाश अडवतं, तो अडथळा निघून जातो.) हात थरथरत असतील तर फ्लॅश वापरा. त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो, तेवढ्यात थरथर उमटत नाही. फ्लॅशसमोर बटर पेपर लावला की प्रकाश मऊ पडतो. वळणारा स्क्रीन असलेला कॅमेरा घ्या, म्हणजे गुडघे टेकायला नकोत. मॅक्रो लेन्स महाग वाटली तर असलेल्या लेन्सपुढे अडकवायचं क्लोज-अप भिंग मिळतं, त्यावरही सुंदर काम होतं.

एक गोष्ट मात्र करू नका. किडे हलू नयेत म्हणून काही लोक त्यांना फ्रीजमध्ये ठेवून गारठवतात आणि मग फोटो काढतात. मला याचा संताप येतो. तो जीव हलतो म्हणून तर त्याच्यासमोर बसायचं. वाट बघायला आपल्याइतका वेळ आहे कोणाकडे? साधारण दहा-बारा दिवस कोष लटकलेला असतो. एके सकाळी तो काळपट दिसायला लागतो, आतले पंख कवचातून जाणवतात. त्या दिवशी बँकेची कामं, भाजी, सगळं बाजूला. फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा पंख ओले आणि चुरगळलेले असतात, बघता बघता ते भरत जातात. नोकरीत असताना कामाच्या दिवशी हे बघायला मिळालंच नसतं.

फोटोंनी मला वाचायलाही लावलं. बहुरूपीच्या काही माद्या नरासारख्या दिसतात आणि काही अजिबात नाही. त्या कॉमन रोझ किंवा क्रिमसन रोझ या विषारी फुलपाखरांची नक्कल करतात. कुठल्या मादीने कुठलं रूप घ्यायचं हे 'डबलसेक्स' नावाचं एकच जनुक ठरवतं, असं फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलं. ते वाचलं आणि मी माझे जुने फोटो उघडून बसलो. नकली आणि अस्सल ओळखायची खूण फोटोत स्वच्छ दिसते. खऱ्या कॉमन रोझचं अंग लाल असतं, नक्कल करणाऱ्या मादीचं काळं. ज्यांना मी रोझ म्हणून नाव देऊन ठेवलं होतं, त्या सगळ्या काळ्या अंगाच्या निघाल्या. इतक्या वर्षांत माझ्या गच्चीत अस्सल रोझ एकदाही आलेलं नाही.

त्याचं कारण साधं आहे. कॉमन रोझची अळी ईश्वरीच्या वेलावर वाढते, तिचं विष त्याच पानांतून येतं, आणि तो वेल माझ्याकडे नव्हता. या जूनमध्ये एका रोपवाटिकेतून ईश्वरीचं रोप आणलं आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत लावलंय. त्याला चार नवी पानं फुटली आहेत. अस्सल आणि नक्कल दोघींचे फोटो याच गच्चीत मिळवायचे आहेत, शक्य झालं तर एकाच घाणेरीच्या फुलावर. आसपास कोणाकडे कॉमन रोझ येत असेल तर मला जरूर कळवा. मी कॅमेरा घेऊन येईन, आणि येताना तुमच्यासाठी कढीपत्त्याचं रोप आणीन.