एका लटीचं फडकं

खादीच्या जुन्या हिशेबात चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची एक गुंडी. लटी म्हणजे ६४० फूट, साधारण १९५ मीटर. हे माप सुयांवरच्या विणकामासाठी कुणी ठरवलेलं नाही, पण टकळीवर, म्हणजे हातानं गिरकी देऊन फिरवायच्या छोट्या चातीवर, जाडसर कातलेल्या एका लटीचं सूत तिहेरी पिळलं की त्यातून अंग पुसायचं किंवा बाळाचं तोंड पुसायचं एक फडकं बेताबेतानं निघतं. सूतकताई आणि सुयांचं विणकाम यांची सांगड घालायची असेल तर सुरुवात इथूनच करावी. स्वेटर वगैरे पुढचं पुढे, आणि सुती स्वेटर तर नकोच. सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते, ते जड असतं, आणि स्वेटर स्वतःच्या वजनानं गुडघ्याकडे निघतो.

पहिली अडचण अशी की आपल्याकडे कातायला शिकवलं जातं ते कापड विणण्यासाठी. बारीक सूत म्हणजे चांगलं सूत, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप, आकडा मोठा तितकं सूत बारीक. पेटीत मावणाऱ्या घडीच्या चरख्यावर निघणारं २० काउंटचं सूत मागाला उत्तम, पण सुयांवर घ्यायचं तर त्याचे आठ-दहा पदर लागतील. विणकामासाठी ६ काउंटच्या आसपास थांबावं. ओळखायची खूण सोपी आहे. ५० मीटर एकेरी सूत मोजून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, ५ ग्रॅम भरलं तर बरोबर. ३ ग्रॅम भरलं तर सूत बारीक आहे, चार पदरी करा. ७ ग्रॅम भरलं तर दोन पदर पुरतील.

कापसाबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्मी फजिती इथेच होते. औषधाच्या दुकानातला कापूस घेऊ नका. तो उकळून, ब्लीच करून त्यातलं नैसर्गिक मेण काढून टाकलेलं असतं. तंतू आखूड आणि कोरडे होतात, एकमेकांवरून सरकत नाहीत, तुटक निघतात. गादीवाल्याकडचा कापूसही नको. त्यात गिरणीचा उरलेला, पुन्हा पिंजलेला माल असतो. तयार पेळू, म्हणजे कातण्यासाठी वळलेल्या कापसाच्या सैल गुंडाळ्या, मिळाले तर उत्तम. नाहीतर विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातल्या कुणा ओळखीच्या शेतातून सरकीसकट कापूस मागवा. त्यातून रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी, म्हणजे १०० ग्रॅम कापसातून ३३-३४ ग्रॅम. एका लटीला वीसेक ग्रॅम सूत लागतं, वाया जाणारं धरून ७५ ते ८० ग्रॅम कापूस घ्यावा.

सरकी काढायला यंत्र लागत नाही. कापूस तासभर उन्हात ठेवा, तो फुलतो आणि सरकी सैल होते. मग लाकडी पाटावर एकेक बोटभर पुंजका ठेवून त्यावरून लोखंडी सळई दाबून पुढे लोटा. सरकी पुढे उडते, रुई मागे राहते. सळई बोटाएवढी जाड असली तर सरकी फुटते आणि तिचे तुकडे रुईत जातात, पेन्सिलीएवढी पुरे.

पिंजायला धनुकली (छोटं धनुष्य) नसेल तर कुत्र्याचे केस विंचरायचे बारीक तारांचे दोन ब्रश चालतात. ब्रशवर अगदी थोडी रुई पसरा, मागची तार दिसली पाहिजे इतकी थोडी. चार-पाच वेळा हलक्या हातानं विंचरा. जोर लावला की तंतू तुटून बारीक गुठळ्या होतात आणि त्या पुढे प्रत्येक टप्प्यावर छळतात. मग विणायची ८ नंबरची सुई घ्या, रुईची कडा तिच्याभोवती गुंडाळत न्या, तळहातानं एकदाच हलकेच फिरवा आणि सुई ओढून काढा. झाला पेळू. घट्ट वळलेला पेळू दिसायला सुबक असतो, पण कातताना तंतू सोडत नाही. तो दिसायला थोडा गबाळाच असावा.

आता टकळी. पितळी चकती, पोलादी सळई, वरच्या टोकाला आकडा. शाळेच्या दप्तरातून एका पिढीच्या हातून गेलेली तीच. कापसाचे तंतू आखूड, तेव्हा ती हवेत लोंबकळत ठेवली तर तिच्या वजनानंच धागा तुटतो. खालचं टोक वाटीत किंवा करवंटीत टेकवायचं. करवंटी बरी, आवाज करत नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि मधल्या बोटानं टकळीला गिरकी द्यायची, वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेनं, आणि डाव्या हातानं पेळू वर ओढत न्यायचा.

कातण्यातलं गुपित म्हणजे पीळ आणि ओढ यांचा क्रम. पेळू चिमटीत आवळून धरू नका, पाखराचं पिल्लू धरावं तसा धरा. थोडा पीळ शिरू द्या, हात वर न्या, कच्चा जाडाबारीक धागा हातभर निघेल. आता चिमटी बंद करून टकळी थोडी फिरवा आणि धागा हळूच ताणा. पीळ आधी बारीक जागी जमतो, जाड जागी तो कमी असतो, त्यामुळे ताणल्यावर जाड जागाच सरकते आणि धागा आपोआप सारखा होतो. मग भरपूर पीळ द्या, इंचाला १२ च्या आसपास, आणि चकतीच्या वर सळईला गुंडाळा. लोकर कातलेल्या माणसाला हा पीळ जास्त वाटतो. कापसाला तो लागतोच, तंतू आखूड असल्यामुळे त्यांना धरून ठेवणारं दुसरं काही नसतं.

धागा तुटला की तुटलेलं टोक बघा. टोक फुलवातीसारखं निमुळतं, मऊ असेल तर पीळ कमी पडला, तंतू सरकून सुटले. टोक तुटक आणि कुरळं असेल तर पीळ जास्त झाला. गाठ मारू नका. तुटलेलं टोक दोन-तीन सेंटीमीटर उलगडून विस्कटा, पेळूतल्या तंतूंवर ठेवा आणि पिळू द्या. मागावरच्या कापडात गाठ खपून जाते. तोंड पुसायच्या फडक्यात गालाला लागते.

हवेचाही हात असतो. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी, विशेषतः विदर्भात, तंतू ठिसूळ होतात आणि सूत सारखं तुटतं. सकाळी लवकर काता, किंवा शेजारी ओला टॉवेल टांगा. कोकण आणि मुंबईत उलटी तक्रार: बोटं घामेजतात आणि पेळू चिकटतो. चिमूटभर राख किंवा टाल्कम पावडर बोटांना लावली की भागतं.

टकळीवर गुंडाळलेल्या सुताचा कोन अंगठ्याएवढा जाड झाला की सूत उतरवा, नाहीतर टकळी डोलायला लागते. उतरवायला खास चौकट नसली तरी उलटं ठेवलेलं स्टूल चालतं. चार पायांभोवतीचा वेढा टेपनं मोजा आणि तेवढ्यावर वेढ्यांचा हिशेब करा. वेढा बरोबर चार फुटांचा भरला तर नशीब, १६० मोजले की लटी.

तीन पदर करायला लटीचे तीन सारखे भाग पाडून काड्यापेटीवर किंवा पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, नळ्या बुटांच्या खोक्यात सुयांवर ओवा म्हणजे टणाटण उड्या मारणार नाहीत. तिन्ही टोकं एकत्र धरून टकळी उलट्या दिशेनं फिरवा. इथे मोठी टकळी हवी: फूटभर गोल काठी, खाली जुनी सीडी बसवलेली. तिहेरी सूत मजबूत असतं, त्यामुळे ही हवेत लोंबती चालते. इंचाला सहा-सात पीळ पुरे. तिन्ही पदरांवर ताण सारखा ठेवा. एक पदर सैल राहिला तर तो बाकीच्या दोघांभोवती वेलीसारखा चढतो, आणि ते दोष विणताना झाकले जात नाहीत.

एक फसवणूक सांगून ठेवते. कातून आठवडाभर पडलेलं सूत शांत दिसतं, पण त्यातला पीळ मेलेला नसतो, झोपलेला असतो. पाणी लागलं की जागा होतो. म्हणून पिळलेल्या सुताचा हातभर तुकडा ओला करून दुमडा आणि लोंबू द्या. फास उघडा राहिला तर समतोल साधला. स्वतःभोवती पिळत गेला तर कुठल्या बाजूला पिळतोय ते बघून पीळ वाढवा किंवा कमी करा. एकेरी सूत विणलं तर चौकोन तिरका होतो आणि कितीही इस्त्री केली तरी सरळ होत नाही, त्याचं कारण हाच जागा होणारा पीळ.

मग उकळणं, जे बहुतेक लोक टाळतात आणि मग ‘हातकताईचं फडकं पाणीच शोषत नाही’ म्हणतात. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा थर असतो, त्याला पाणी लागत नाही. पिळलेल्या सुताची लडी करून तिला चार ठिकाणी सैल बांधा, आवळून बांधलं तर तिथे सोडा पोचत नाही. स्टीलच्या पातेल्यात एक लिटर पाणी, एक चमचा धुण्याचा सोडा, किंचित साबण. ॲल्युमिनियमचं भांडं सोड्यानं खराब होतं. मंद आचेवर तासभर. पाणी काळ्या चहासारखं होईल, ती घाण नाही, कापसाचाच मळ आहे. दोन-तीन पाण्यांत खळबळून, चार झटके देऊन सावलीत वाळवा. वाळल्यावर सुतावर पाण्याचा थेंब टाका. मोत्यासारखा बसून राहिला तर पुन्हा उकळा. वजन थोडं कमी भरेल, पुढच्या कामासाठी तेच नवं वजन धरा.

लटीचं आता साधारण ६० मीटर तिहेरी सूत झालेलं असतं. सुया १० नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत नेमकं उलटं, त्यामुळे इंटरनेटवरचा नमुना घेताना नंबराऐवजी मिलिमीटर बघा. बांबूच्या सुया घ्या, ॲल्युमिनियमवरून सूत घसरतं.

हातकताईचं सूत किती पुरेल याचा नेमका अंदाज कधीच येत नाही, म्हणून फडकं कोपऱ्यातून तिरकं विणावं. चार टाके घाला, एक ओळ सुलट विणा. पुढच्या प्रत्येक ओळीत दोन टाके सुलट, सुईवरून दोरा घेऊन एक टाका वाढवा, उरलेली ओळ सुलट. उलट टाका कुठेच नाही. मधूनमधून सुताचा गोळा काट्यावर ठेवा. निम्म्याहून किंचित जास्त सूत उरलं की घटवायला लागा: एक सुलट, दोन टाके एकत्र, दोरा घ्या, पुन्हा दोन एकत्र, उरलेले सुलट. तोवर सुईवर ५५ ते ६० टाके झालेले असतात. चार उरले की बंद करा. कडेनं जाळीची ओळ येते आणि चौकोन १८ सेंटीमीटरच्या आसपास भरतो. सूत कमी निघालं तर फडकं लहान होईल, पण अर्धवट राहणार नाही.

टाके सैल घाला आणि सैल विणा. सूत ताणलं जात नाही, सगळा ताण मनगटावर येतो. अर्ध्या तासानं हात दुखला तर दोष बहुधा वयाचा नसून आवळून विणण्याचा असतो. तिहेरी सुताचा एखादाच पदर सुईत अडकून बाकीचे निसटणं हीही नेहमीची चूक. टोकदार सुईनं ती जास्त होते.

दख्खनी मेंढीच्या लोकरीचं विचारलं जातं, म्हणून थोडक्यात. धनगरांच्या घोंगडीची ती लोकर राठ आणि केसाळ असते, अंगाला टोचते. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात ती मागावरच्या कामासाठी, सुयांवर तिचा उपयोग नाही. ६ नंबरच्या सुयांवर बसायचं आसन मात्र त्या लोकरीचं फार टिकाऊ होतं.

आता वेळेचं. नवा हात तासाला ५० मीटर कातेल, म्हणजे लटीला चार तास. रोज पाव तास धरला तर सोळा दिवस. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसनं सभासदत्वाची वर्गणी म्हणून महिन्याला २००० वार सूत ठरवलं होतं. ते नऊ लट्यांहून थोडं जास्त होतं, आणि हा नियम वर्षभरही टिकला नाही यात नवल नाही. महिन्याला एक-दोन फडकी हा घरात झेपणारा वेग. टकळी, करवंटी आणि पाच पेळू मावतील असा एक डबा गॅसच्या ओट्याजवळ ठेवा. कुकरच्या तीन शिट्ट्यांत दहा मीटर होतात. डब्याला झाकण हवं, फोडणीचा वास कापूस पटकन धरतो.

वापरायला घेतल्यावर साध्या साबणानं धुवा. कपडे मऊ करणारं द्रव लावू नका. त्याचा थर तंतूंवर बसतो आणि उकळून काढलेल्या मेणाची जागा घेतो.