तुम्ही विचारलंत म्हणून: वेताळाच्या चित्रांत एवढं काय आहे?

कपाटातले ‘चांदोबा’चे गठ्ठे बघून घरी येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस विचारतं, ‘‘लहान मुलांच्या मासिकातली भुतांची चित्रं कशाला जपता?’’ तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

आमच्या गावचा वेताळ म्हणजे वेशीबाहेरचा शेंदूर फासलेला धोंडा. अमावास्येला आजी तिकडं फिरकू द्यायची नाही. त्या धोंड्याला तोंड मिळालं ते चांदोबात. के. सी. शिवशंकरन, म्हणजे चित्राखाली ‘शंकर’ अशी सही करणारे चित्रकार, 1952 साली मद्रासला या मासिकात रुजू झाले. उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत आणि मसणवाट्यातून निघालेला विक्रम राजा, हे त्यांचंच चित्र. सगळे राजाकडं बघतात. मी कोपरे बघते. माझ्याकडच्या एका अंकात पायाशी पडलेली कवटी चक्क हसतेय, आणि झाडाची मुळं अशी वळलीत की बोटंच वाटावीत. छापताना निळा रंग केसभर सरकलाय, त्यामुळं वेताळाच्या मागं आणखी एक फिकट वेताळ दिसतो. लहानपणी मला तो दुसराच खरा वाटायचा. अंगावर काटा यायचा आणि हसूही यायचं, दोन्ही एकदम. असं मला दुसऱ्या कुठल्या चित्रानं केलेलं नाही.

पुढं कळलं ते तर विलक्षणच. सोमदेवानं 11व्या शतकात काश्मिरात ‘कथासरित्सागर’ रचला. त्यात वेताळाच्या 25 गोष्टी आहेत आणि राजाचं नाव त्रिविक्रमसेन. तो राहतो गोदावरीकाठी, प्रतिष्ठानात. म्हणजे आपल्या पैठणात! एक भिक्षू त्याला रोज फळ आणून देतो, फळात रत्न निघतं, आणि त्या उपकारापोटी राजा शिंशपेच्या झाडावरचं प्रेत आणायला रात्री मसणात जातो. मद्रासला बसून काढलेली ती काळी रात्र मुळात आपल्या गोदेकाठची होती.

गेल्या नाथषष्ठीला पैठणला गेले तेव्हा पिशवीत तो अंक होता. गर्दी ओसरल्यावर घाटाच्या पायरीवर बसून उघडला. शेजारी फुटाणे खात बसलेली एक पोरगी वाकून बघायला लागली. राजाकडं तिनं बघितलंच नाही. कवटीवर बोट ठेवून म्हणाली, ‘‘हे काहून हसायलंय?’’