विनिपेगचा नाताळ आणि फुग्यांचं पीठ

इथे कॅनडात, विनिपेगला, बाहेर उणे 24. मुलांनी सकाळी दारातला बर्फ उपसला, जेवणापर्यंत पुन्हा घोटाभर. नाताळ परवावर आलाय आणि मला काळजी फुग्यांच्या, म्हणजे आमच्या नाताळच्या तळलेल्या गोल पावांच्या, पिठाची. त्यांच्याशिवाय सण सण वाटतच नाही. वसईला आई ताडी घालून पीठ भिजवायची, काही तासांत फुलायचं. इथे यीस्ट घालूनही ढिम्म. शेवटी ओव्हन न तापवता नुसता आतला दिवा लावला आणि पातेलं आत ठेवलं. रात्री अकराला झाकण काढलं तर पीठ काठापर्यंत, वर बारीक बुडबुडे आणि तोच आंबूस वास! आईला लगेच व्हिडिओ कॉल लावला. "अगं, मुठीतून सोड तेलात, चमच्याने नको," ती म्हणाली. धाकटीने काट्याच्या पाठीवर कलकल, म्हणजे नाताळचा शिंपल्यासारखा गोड फराळ, वळलेत. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा अजून खोक्यातच आहे.