बैठकीतून उठताना वहीत काय असावं

इतिवृत्तात ‘स्वच्छता मोहीम घ्यावी असे ठरले’ एवढंच वाक्य असेल, तर ती मोहीम बहुधा होत नाही. झालीच तर दोन-तीन माणसांच्या जिवावर होते. त्या वाक्यात कोण करणार, कधीपर्यंत करणार, सामान किती लागणार आणि पुढच्या बैठकीत त्याबद्दल कोण सांगणार, हे सगळं यायला हवं. लायन्स, रोटरी यांसारख्या सेवा क्लबची नियमित बैठक असते ती यासाठी.

बैठक तासाभराची पुरते. पहिली दहा मिनिटं मागच्या बैठकीत ज्यांनी जे अंगावर घेतलं होतं, त्याची नावानिशी विचारणा. मग पाच मिनिटं खजिनदाराची. त्यानंतर लगेच चालू उपक्रम घ्यावेत, पाहुण्यांचं भाषण त्यानंतर. बरेच क्लब नेमकं उलट करतात. भाषण लांबतं, निम्मे लोक उठून जातात आणि कामाचं बोलणं दारात उभ्या उभ्या उरकलं जातं. शेवटची पाच मिनिटं सचिवाने ठरलेली कामं आणि नावं मोठ्याने वाचावीत. आपलं नाव सगळ्यांसमोर ऐकलं की माणूस ‘मला वाटलं तो करणार आहे’ असं म्हणू शकत नाही.

पाहुण्यांकडून नुसतं भाषण ऐकू नये, त्यांची मागणीही ऐकावी. १९२५मध्ये अंध आणि बहिऱ्या असलेल्या अमेरिकी लेखिका हेलन केलर लायन्सच्या अधिवेशनात बोलल्या, तेव्हा त्यांनी अंधांसाठी काम करा, असं थेट मागितलं. त्या संघटनेचं दृष्टीविषयीचं काम तेव्हापासून तिची ओळख बनलं. रोटरीची सुरुवात १९०५मध्ये शिकागोत झाली. सभासदांच्या कचेऱ्यांत आळीपाळीने भेटायचं, एवढंच आधी होतं. दोन वर्षांनी हाती घेतलेलं पहिलं सार्वजनिक काम होतं शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून पाठपुरावा करण्याचं. इतकी साधी, नेमकी गरज शोधणं हे मला फार मोलाचं वाटतं.

पैशांबाबत एकच सांगते: सभासदांची वर्गणी आणि लोकांकडून उपक्रमासाठी जमवलेली रक्कम यांचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. लोकांच्या पैशातून क्लबचा चहासुद्धा होता कामा नये.

आता रक्तदान शिबिर. हा उपक्रम सगळ्यांना सोपा वाटतो आणि नियोजन सर्वांत जास्त इथेच चुकतं. तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीला विचारा की तुम्हाला रक्त कधी कमी पडतं. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) मात्र साधारण पाचच दिवस. एकाच आठवड्यात गावभर शिबिरं झाली की त्यातलं काही वाया जायची वेळ येते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा टंचाई. एक मोठं शिबिर घेण्यापेक्षा वर्षभरात विभागलेली तीन-चार लहान शिबिरं रुग्णांच्या जास्त उपयोगाची.

मग खाटांचा हिशेब. प्रत्यक्ष रक्त घ्यायला दहा मिनिटांच्या आत वेळ लागतो, पण हात स्वच्छ करणं, सुई काढल्यावर दाबून धरणं, पट्टी, पुढच्यासाठी खाट तयार करणं धरलं तर एका खाटेवर तासाला तीनच माणसं धरावीत. सहा खाटा आणि चार तास म्हणजे सुमारे ७२ जण. दोनशे जणांना सकाळी दहाचीच वेळ दिली तर रांग लागते, लोक उपाशीपोटी ताटकळतात आणि मग चक्कर येते. म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा वाटून द्या. फोन करणाऱ्या स्वयंसेवकाने आदल्या दिवशी तीन गोष्टी सांगायच्या: नीट झोपा, खाऊन या, भरपूर पाणी प्या.

नोंदणीच्या टेबलाजवळ हिमोग्लोबिन तपासतात, तिथेही एक स्वयंसेवक हवा. पुष्कळ शिबिरांत ही तपासणी निळ्या मोरचुदाच्या द्रावणात करतात. त्याची घनता अशी ठेवलेली असते की हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तात १२.५ ग्रॅम किंवा जास्त असेल तर रक्ताचा थेंब पंधरा सेकंदांत तळाशी जातो. कमी असेल तर थोडा खाली जाऊन तिथेच रेंगाळतो किंवा वर येतो. हे काम तंत्रज्ञाचंच. स्वयंसेवकाचं काम त्यानंतरचं. ज्याला नाही म्हटलं गेलं, तो सगळ्यांदेखत परत जाताना ओशाळतो आणि पुन्हा कधी येत नाही. त्याला बाजूला बसवून कारण समजावून सांगा, डॉक्टरांना भेटायला सांगा आणि त्याच दिवशी नोंदणीचं काम द्या.

रक्त देऊन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवणं टाळू नका. चक्कर बहुतेक वेळा माणूस उठून उभा राहतो तेव्हा किंवा पुढच्या काही मिनिटांत येते. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, बोलणं तुटक झालं की तिथेच आडवं झोपवायचं, पाय उंच करायचे आणि डॉक्टरांना हाक मारायची. खुर्चीत बसवून पाणी पाजायचा प्रयत्न करू नये. विश्रांतीच्या जागी सतत चेहऱ्यांकडे बघणारी दोन माणसं ठेवा, हातात मोबाइल नसलेली.

स्वच्छता मोहिमेचं गणित त्यामानाने सरळ आहे. जोड्या पाडा, दर जोडीला दोन पोती, एक ओल्यासाठी आणि एक सुक्यासाठी. पोती निम्मीच भरायची, ओला कचरा उचलवत नाही. पातळ हातमोजे काचेने फाटतात, जाड रबरी घ्या. सुया हाताने उचलायच्याच नाहीत, चिमट्याने उचलून झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकायच्या. आणि कचरागाडीची वेळ आधी लेखी पक्की करा. नाहीतर भरलेली पोती रस्त्याच्या कडेला राहतात, रात्री कुत्री फाडतात आणि सकाळी जागा आधीपेक्षा घाण दिसते.

वृक्षारोपणात रोपांचा आकडा ठरवण्याआधी पाण्याचा ठरवा. शंभर रोपांना दहा-दहा लिटर म्हणजे प्रत्येक खेपेला हजार लिटर, आणि तेही पहिली दोन-तीन वर्षं कोरड्या महिन्यांत नेमाने. तेवढं पाणी कोण आणणार हे बैठकीत सांगता येत नसेल, तर वीसच लावा. लावताना काळी पिशवी काढलीय ना, हे प्रत्येक खड्ड्याशी बघा. घाईत पिशवीसकट पुरलेली रोपं वरून ठीक दिसतात, मुळं मात्र आत गोल फिरत राहतात. दर तिसऱ्या महिन्याच्या बैठकीत जगलेल्या रोपांची मोजणी हा कायमचा विषय ठेवा, आणि मोजणीसाठी, ज्यांनी रोपं लावली त्यांच्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवा.